एका रात्रीचा गंज

"गंजाचं हे कुणी सुचवलं?" माझा अर्ज डोळ्यांजवळ नेत शिरगुप्पे साहेबांनी विचारलं.

"मीच," मी म्हणाले.

"केमिस्ट्री का?"

"हो. यंदाच बी.एस्सी. झाले."

"तरीच. आमच्याकडं अर्जात लोक देवाची शपथ घालतात. लोखंडाची साक्ष काढणारी तू पहिलीच."

शिरगुप्पे नगरपालिकेच्या घरपट्टी विभागात कर निरीक्षक होते. मला त्यांचं बोलणं आवडलं आणि मी अप्पांकडे पाहून हसले. अप्पा खुर्चीच्या टोकावर बसले होते. ते हसले नाहीत.

आमच्या गावात खाली यंत्रमाग आणि वर घर अशा इमारती गल्लोगल्ली आहेत. आमचीही तशीच होती. दिवसभर खालून येणाऱ्या खडखडाटात मी वाढले. मग धंदा बुडाला. कोर्टानं अप्पांना नादार ठरवलं. देणी भागवण्यासाठी इमारत आणि माग विकायचे ठरले आणि तोवर सगळं करमरकर वकिलांच्या ताब्यात गेलं. ते कोर्टानं नेमलेले रिसीव्हर. त्यांनी दाराला कुलूप घालून वर लाखेचं सील केलं आणि आम्ही स्टेशन रोडला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. अप्पा एका मंगल कार्यालयात देखरेखीला लागले.

त्याला दोन वर्षं होऊन गेल्यावर घरपट्टीची नोटीस आली. आम्ही घर सोडल्यानंतरच्या दोन्ही वर्षांची, अप्पांच्या नावावर. भरली नाही तर जप्ती. आता जप्त करण्यासारखं आमच्याकडे आईचं शिलाई मशीन होतं आणि माझी स्कूटर.

मी चौकशी केली, वाचलं, एका वकिलांना विचारलं. नादार ठरायच्या आधीची देणी कोर्टात गेली होती. नंतरची घरपट्टी मात्र ज्याचा ताबा आणि वापर, त्याची. इमारत रिसीव्हरच्या ताब्यात गेली हे नगरपालिकेला कुणी कळवलंच नव्हतं, म्हणून दप्तरात अप्पांचंच नाव राहिलं होतं. आमचा वापर नाही एवढं दाखवायचं होतं. मी अर्जात लिहिलं: बंद मागांच्या उघड्या लोखंडावर दोन पावसाळ्यांत गंज चढतोच, तरी आत जाऊन तो तपासावा. हे वाक्य मी तीनदा लिहून काढलं होतं, इतकं मला ते आवडलं होतं. अर्जावर अप्पांची सही घेतली, पण त्यांनी तो वाचला नव्हता. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

"करमरकरांशी बोललोय," साहेब म्हणाले. "त्यांनाही पटलंय. उद्या सकाळी पाहणी. गंज असला तर वापर नाही, तुमचं नाव कमी. घरपट्टी रिसीव्हरच्या खात्यातून. नसला तर..." त्यांनी अर्ज खाली ठेवला. "तर आत कुणीतरी माग चालवतंय असा अर्थ होतो. मग मात्र अवघड आहे. कोर्टाच्या सीलच्या आत शिरणं म्हणजे फौजदारी. आणि करमरकर काय सोडणारा माणूस नव्हे."

"तसं काही दिसायचं नाही," मी म्हणाले.

अप्पांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं. रुमालाला तेलाचा वास आला. मागाला घालतात त्या पातळ तेलाचा. मंगल कार्यालयात ते तेल कुठून आलं, असा विचार मनात येऊन गेला, आणि मी तो जाऊ दिला.

परत येताना अप्पा स्कूटरवर मागे बसले होते. नदीच्या पुलाच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "वैजू, गंज चढायला किती दिवस लागतात गं?"

"हवेवर आहे. पावसाळ्यात उघडं लोखंड चार दिवसांत तांबूस होतं."

पूल जवळ आला. मग म्हणाले, "आणि एका रात्रीत?"

मी स्कूटर कडेला घेतली. मागून ट्रकचा हॉर्न वाजला. वळून पाहायचं धाडस होईना, म्हणून आरशात पाहिलं. आरशात अप्पा माझ्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"अप्पा, का विचारताय?"

"असंच."

"अप्पा."

"घरी नको," ते म्हणाले. "तिकडंच चल."

इमारतीच्या पुढच्या दारावरचं सील जसंच्या तसं होतं. आम्ही मागच्या बोळात गेलो. दोन्ही बाजूंच्या मागांचा आवाज इतका होता की ओठ हललेले दिसले तरी शब्द ऐकू येत नव्हते. मागच्या खिडकीचा एक गज अप्पांनी हातानं फिरवला आणि वर उचलून काढला. किल्ली विसरली की ते पूर्वीही असेच आत जायचे, हे मला माहीत होतं. ते अजूनही जात असतील हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी आत उतरले.

झरोक्यांतून संध्याकाळचं ऊन येत होतं आणि त्यात सगळे माग चकाकत होते. एकाही कडेला तांबूस रंग नव्हता. मी एका मागाच्या चौकटीवर बोट फिरवलं. बोटाला पातळ, स्वच्छ तेल लागलं. वीज कधीच तोडलेली होती. मागावरचं कापड त्या दिवशी जिथं थांबलं तिथंच अर्धं थांबलेलं होतं. कोपऱ्यातला वर जायचा जिना धुळीनं पांढरा झाला होता आणि त्या धुळीवर एकही पाऊल नव्हतं.

"तुम्ही चालवत नव्हता," मी म्हणाले.

"लाईट कुठाय चालवायला? रविवारी यायचो. हातानं एक-एक फेरा द्यायचा, पुसायचं, तेल घालायचं. बस."

"का पण? हे आपलं नाहीये आता. तुम्हाला तुरुंगात घालतील!"

अप्पांनी मला खाली बसायची खूण केली. खिडकीतून माझं डोकं दिसत होतं.

"गेल्या वर्षी करमरकर वकील एकाला घेऊन आले होते," ते म्हणाले. "मी समोर चहाच्या टपरीवर होतो. तो भंगारवाला. बाहेरूनच बघितलं आणि किलोवर बोलायला लागला. वैजू, चालता माग विकला तर मागाचा भाव येतो. गंजून अडकलेला विकला तर लोखंडाचा. आधी घेणार बँक. राहिलं तर आपल्या माणसांना. म्हाळिंगाचा पगार अडकलाय, तानूबाईंचा अडकलाय, बोनस तर सगळ्यांचाच. किलोच्या भावात त्यांच्यापर्यंत काय पोचणार?"

"हे त्यांना ठाऊक आहे?"

"कुणाला ठाऊक नाही. तुझ्या आईलासुद्धा."

मी जिथं होते तिथंच बसून राहिले. गंज नसला तर फौजदारी, हे शिरगुप्पे साहेबांच्या तोंडून ऐकून 'तसं काही दिसायचं नाही' असं मी म्हणाले होते. ती कसोटी मीच त्यांच्या हातात दिली होती, माझ्या स्वच्छ अक्षरात.

"करता येईल का?" अप्पांनी विचारलं. "एका रात्रीत?"

"येईल," मी म्हणाले. माझा आवाज मला वेगळाच वाटला. "तेल असेपर्यंत काही होत नाही. धुण्याच्या सोड्यानं आधी तेल काढायला लागेल. मग मीठ आणि व्हिनेगर. सकाळपर्यंत तांबूस थर येईल. पण अप्पा, सगळ्यांना केलं तर..."

"सगळ्यांना नाही," ते लगेच म्हणाले. "दारातला एकच. तो तसाही जुना आहे."

मी घरी जाऊन आले. आई शेजारी गेली होती. मिठाचा डबा, सोडा आणि व्हिनेगरची बाटली पिशवीत घातली. परत बोळात शिरताना प्रत्येक माणूस माझ्या पिशवीकडेच बघतोय असं वाटत होतं. व्हिनेगरची बाटली मिठाच्या डब्यावर आपटून वाजत होती आणि तो आवाज मागांच्या खडखडाटातही मला ऐकू येत होता.

दारातल्या मागाचं तेल अप्पांनी स्वतः काढलं. मी म्हणाले होते, मी काढते. ते म्हणाले, "तुला कुठं कुठं असतं माहीत नाही." फडकं सोड्यात बुडवून ते सांध्यासांध्यातून फिरवत होते, जसं तेल घालताना फिरवत असतील तसंच. लोखंड फिकट आणि कोरडं दिसायला लागलं. मग मी मीठ विरघळवलं, व्हिनेगर ओतलं आणि फडक्यानं थापायला सुरुवात केली. पहिल्या थेंबाला अप्पांनी मान वळवली.

तेवढ्यात बाहेरची वीज गेली.

गावातली वीज गेली की काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. हजारो माग एका क्षणात थांबतात. एवढी शांतता होते की कान दुखतात. त्या शांततेत माझ्या हातातल्या फडक्यातून थेंब गळत होते, टप, टप, आणि फरशीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जात असावेत असं वाटलं.

"कोण हाय आत?"

खिडकीबाहेरून आवाज आला. पुरुषाचा, जवळून.

अप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्यांचा हात सोड्यानं खरखरीत झाला होता आणि माझं मनगट सोडत नव्हता. मी अप्पांना कोर्टात पाहिलं होतं, आईनं दागिने काढून दिले तेव्हा पाहिलं होतं. ते घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. मला वाटलं, आपण आत्ता ओरडून सांगावं की मी आहे, मी एकटीच आहे.

"कोण हाय रे? मांजर का काय?"

काढलेला गज अप्पांनी आत घेतला होता. बाहेरच्या माणसानं उरलेल्या गजांवर काहीतरी वाजवलं. मग चप्पल घासत गेल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. वीज परत आली तेव्हा सगळं गाव एकदम गर्जलं आणि त्या आवाजात मी तोंडावर हात दाबून रडून घेतलं.

सकाळी आई ओरडत होती, "मिठाचा डबा रिकामा कसा? काल संध्याकाळी भरलेला होता. खाल्लं का काय कुणी?"

"आणतो," अप्पा म्हणाले.

"आणा. आणि सोडा पण आणा. घरात भुतं शिरलीत."

अप्पांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं नाही.

इमारतीसमोर करमरकर वकील आधीच आलेले होते. उंच, पांढरा शर्ट, कुठलीही गोष्ट धरताना दोन बोटांनी धरायची सवय. त्यांनी सील तपासलं, फोडलं आणि कुलूप काढलं. "लवकर आटपा, साहेब," ते शिरगुप्पे साहेबांना म्हणाले. "मला साडेअकराला कोर्ट आहे."

"आटपायचंच आहे. अर्जदारानं कामच सोपं करून ठेवलंय."

दार उघडलं. बाहेरच्या उन्हातून आत पाहिलं की काळोखच दिसतो. पुढचा माग तेवढा उजेडात होता. त्याची सगळी चौकट तांबूस झाली होती. काही ठिकाणी ओघळ सुकून नारिंगी रेघा उमटल्या होत्या. मी अंदाज केला होता त्यापेक्षाही गंज चांगला आला होता.

शिरगुप्पे साहेबांनी खिशातून पेन काढलं. वाकून बघितलं, नखानं थोडं खरवडलं. "गंज आहे," ते म्हणाले. "बरोबर आहे पोरी तुझं. करमरकर साहेब, बघून घ्या."

"दिसतोय मला," करमरकर उंबऱ्यातूनच म्हणाले. "लिहा."

साहेबांनी वही तळहातावर टेकवली. मी श्वास धरून त्यांच्या पेनाकडे बघत होते. 'वापर' हा शब्द लिहून झाला. पुढे 'नाही' एवढंच यायचं होतं.

त्या क्षणी अप्पांनी रुमाल काढला.

मी ओरडले नाही. ओरडायला वेळच नव्हता. अप्पा मागाच्या बाजूला उभे होते. साहेबांनी खरवडलेल्या जागेवर भुकटी चिकटून होती. अप्पांनी रुमाल अंगठ्यावर गुंडाळला आणि ती पुसली. एकदा, दोनदा, गोल, दाबून. आम्ही जेवताना ताटाबाहेर पडलेलं शीत जसं न बघता उचलतो, तसं. रुमालात तेल होतंच. गंज एका रात्रीचा, पातळ. तो निघून आला आणि खालून रुपयाएवढं लोखंड लखकन चमकलं.

सगळे त्या चमकेकडे बघत राहिले. अप्पासुद्धा. आपण काय केलं ते सगळ्यांत शेवटी त्यांना कळलं असावं. त्यांनी हात मागे घेतला, पण रुमाल तसाच अंगठ्यावर होता.

शिरगुप्पे साहेबांनी पेन मिटलं. ते दुसऱ्या मागाकडे गेले, मग तिसऱ्याकडे. काळोखातून त्यांचं बोट लोखंडावरून फिरल्याचा आवाजही आला नाही, इतकं ते गुळगुळीत होतं. परत आले तेव्हा त्यांनी तेलकट बोटं करमरकरांना दाखवली.

"बुगड," करमरकरांनी अप्पांना आडनावानं हाक मारली. आवाज चढला नव्हता. "कुठून येता आत?"

"मागच्या खिडकीतून."

"माग चालवता?"

"लाईट नाही साहेब. नुसतं तेल."

"कोर्टाच्या ताब्यातल्या मालाला?"

"हो."

"का?"

अप्पांनी सांगितलं. मला सांगितलं तेवढंही नाही, एकच वाक्य. "चालते विकले तर कामगारांचं निघेल."

करमरकर आत आले. पहिल्यांदाच. त्यांनी चौथ्या मागाचं चाक दोन बोटांनी ढकललं. ते सहज फिरलं, आपोआप अर्धा फेरा गेलं आणि थांबलं. त्यांनी पुन्हा ढकललं. बराच वेळ ते त्या चाकाकडे बघत होते. मी मनात त्यांना म्हणत होते, नका, पोलिसांत नका देऊ, हवं तर मला द्या, मीठ माझं आहे.

"सील शाबूत होतं," शेवटी ते म्हणाले. "मी कोर्टाला तेवढंच कळवीन. पण पुन्हा आत दिसलात तर पहिला फोन पोलिसांना. आजचं आजपुरतं. कळलं?"

"कळलं."

"आणि माझ्या खात्यातून घरपट्टी निघणार नाही."

शिरगुप्पे साहेब जिन्यापाशी गेले होते. त्यांनी वाकून पायऱ्यांवरची धूळ पाहिली. "वर गेला नाहीत कधी?" त्यांनी अप्पांना विचारलं.

"वर काय आहे?" अप्पा म्हणाले.

साहेब परत आले, वही उघडली. "वरचं घर रिकामं, वापर नाही. तेवढी तुमची सुटली. खालच्या शेडचं मात्र..." ते माझ्याकडे पाहत थांबले, जणू मी काही सुचवीन. "वापर कुणाचा लिहू?"

मी म्हणणार होते की तेल घालणं म्हणजे वापर नव्हे, चालत्या मागावर कापसाची पूड बसते, इथं तेल स्वच्छ आहे. सगळं तोंडात तयार होतं.

"माझा लिहा," अप्पा म्हणाले.

"अप्पा!"

"लिहा साहेब. नावावर येऊ दे. हप्ते करून द्या फक्त."

दोन वर्षांत त्यांनी स्वतःच्या नावावर काही लिहून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं. नादार माणसाला कुणी उधार देत नाही आणि त्याचा शब्दही कुणी घेत नाही.

पुढच्या दिवाळीआधी माग विकले गेले, चालते म्हणून. बँकेचं भागून जे उरलं ते कामगारांत वाटलं गेलं. पुरं नाही, पण म्हाळिंग पेढे घेऊन आला. शेडची घरपट्टी अप्पांनी मंगल कार्यालयाच्या पगारातून फेडली. शेवटचा हप्ता भरायला मी बरोबर होते. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच की पुन्हा दिसलो तर पहिला फोन पोलिसांना.

घरी परतताना अप्पा पुलाच्या अलीकडे म्हणाले, "वैजू, थांब जरा."

मी स्कूटर कडेला घेतली.

"तो पहिला माग. तो मिठाचा अंश राहतो का गं आत?"

खोटं बोलता आलं असतं. "राहतो," मी म्हणाले. "सांध्यात राहतो. वरून तेल लावलं तरी खालून खात जातो."

"किती दिवसांत?"

"विक्रीपर्यंत अडकेल."

आरशात मला त्यांचे हात दिसत होते, मांडीवर उपडे ठेवलेले. मी त्यांना घरी सोडलं, आईला दुकानातून मीठ आणून दिलं आणि मीठ धुवायला पाण्याच्या बाटल्या, कोरडी फडकी आणि तेलाची बाटली पिशवीत भरली.

खिडकीचा गज त्या संध्याकाळी मी काढला.